तळघरातली झडप

४ ऑक्टोबर

ही वही जावयाने दिली. "बाबा, यात रोज फक्त आकडा लिहा," असं तो म्हणाला. म्हणाला म्हणजे कुजबुजला. जावई ग्रंथालयात नोकरीला आहे, आणि इतकी वर्षं हळू बोलून बोलून त्याला आता तेवढाच आवाज उरला आहे. बाकीच्यांना त्याला तीनतीनदा "काय?" विचारावं लागतं. मला नाही लागत. माझे कान पहिल्यापासून तिखट. शेजाऱ्यांच्या पंख्याचं बेअरिंग किती दिवस टिकेल, हे मी माझ्या खुर्चीत बसून सांगतो.

आकडा कसला, ते लिहून ठेवतो. लेकीला मुलगा झाला, त्याला बारा दिवस झाले. पाच आठवडे आधीच आला. ही घाई आमच्या घराण्यातली नाही, विहीणबाईंकडून आलेली असणार. अजून दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची फुप्फुसं कच्ची आहेत, ९ नोव्हेंबरला घरी न्या, पण घरातली हवा स्वच्छ पाहिजे. धूळ नको, बुरशी नको, रंगाचे नि डिंकाचे वास नकोत. लेकीच्या भाड्याच्या घरात ओल येऊन भिंती काळ्या पडल्या आहेत, तेव्हा तिथे जायचा प्रश्नच नाही. हिवाळाभर तिघांनी राहायचं तर दोनच घरं, आमचं किंवा विहीणबाईंचं. विहीणबाई राहतात चार तासांवर.

आता यात विचार करण्यासारखं काय आहे? चौदाव्या वर्षी मी धुराडी साफ करणाऱ्या माणसाची शिडी वाहायला लागलो. आज माझं दुकान आहे, दोन गाड्या आहेत, आणि अर्धं गाव हिवाळ्यात ऊबदार आणि उन्हाळ्यात गार राहतं ते माझ्या जिवावर. विहीणबाईंकडे काय आहे? खिडक्या.

पण लेक माझ्यावरच गेली आहे. "बाबा, मला इकडेच यायचंय," ती म्हणाली, "पण नुसतं तुझ्या शब्दावर नाही." आणि तिने हवा मोजायचं यंत्र माझ्या हातात ठेवलं. गजराच्या घड्याळाएवढं आहे. त्यावर हवेतल्या घाणीचा आकडा दिसतो आणि एक चेहरा. हवा चांगली असली की चेहरा हिरवा नि हसरा, बेताची असली की पिवळा, वाईट असली की लाल आणि तोंड वाकडं. ९ तारखेच्या आत सलग सात दिवस हिरवा दिसला तर बाळ आमच्याकडे. नाही तर विहीणबाईंकडे.

मी यंत्राचं नाव आत्या ठेवलं. माझी आत्या अशीच होती. कोणाच्याही घरात गेली की आधी नाक पुढे, मग तोंड वाकडं.

दिवाणखान्यात ठेवली तर हिरवी झाली. मी तळघरात जाऊन घर तापवायची भट्टी सुरू केली आणि वर आलो तर लालभडक. १८७.

यंत्र बिघडलेलं आहे.

५ ऑक्टोबर

यंत्र बिघडलेलं नाही. जावयाने दुसरं आणून शेजारी ठेवलं. आता दोन आत्या तोंडं वाकडी करून बसल्या आहेत. १९१ आणि १८९.

विहीणबाईंच्या घरी एक यंत्र दिलं आहे, ते कालपासून हिरवं. तसा फोनच आला. "आम्ही विशेष काही करत नाही हो. सकाळी खिडक्या उघडतो, झालं." विशेष काही करत नाही, हे त्यांनी चार वेळा सांगितलं.

फोन ठेवल्यावर आमची ही म्हणाली, "आपणही उघडू या का?" अगं, भट्टीने तापवलेली हवा खिडकीतून बाहेर सोडायची, तर मी इतकी वर्षं केलं काय? मी तळघरात गेलो की ही खिडकी उघडते आणि माझी जिन्यावर चाहूल लागली की लावते. तिला वाटतं मला कळत नाही. कडीचा आवाज मला दोन मजल्यांखालून येतो.

तळघर हे माझं खरं घर. मधोमध भट्टी, तिथून वर खोल्याखोल्यांत हवा नेणारे पत्र्याचे डक्ट, बाजूला माझं बाक. बाकावर रंगाचे, डिंकाचे, सांधे बुजवायच्या लुकणाचे डबे. आणि भिंतीला माझा संग्रह. नव्या गिऱ्हाइकाच्या घरून निघालेला पहिला मळका फिल्टर मी कधी टाकून देत नाही. त्यावर तारीख आणि धंदा लिहून ठेवतो. बेकरीवाला. न्हावी. पोपट पाळणाऱ्या आजी. एकूण दोनशे चौदा. भिंत भरली तेव्हा उरलेले भट्टीला टेकवून लावले. दोनचार नेहमी गाडीत असतात. नव्या माणसासमोर बेकरीवाल्याचा फिल्टर धरायचा आणि म्हणायचं, "हे तो श्वासात घेत होता." माणूस जागच्या जागी सही करतो.

घरातली हवा ज्या डक्टमधून भट्टीकडे परत येते, त्याला फिल्टरच्या पुढे पंजाएवढी एक झडप आहे. ती मी उघडी ठेवतो. त्याची कारणं तांत्रिक आहेत.

८ ऑक्टोबर

यातून एक धंदा सुचला. गाडीवर रंगवून घेतलं, 'घरातली हवा तपासून मिळेल'. पहिलं गिऱ्हाईक पियानोबाई. या गल्लीच्या टोकाला पियानो शिकवतात, एकट्या राहतात, आणि स्वभावाने काटेकोर.

आत्याला पियानोवर ठेवली. हिरवी. मी कोट खुर्चीवर टाकला, पिशवीतून नमुन्याचे चार फिल्टर काढून मांडले आणि बोलायला लागलो. न्हाव्यापर्यंत आलो तेव्हा आत्या पिवळी झाली. पोपटवाल्या आजींपर्यंत आलो आणि लाल.

"बघा!" मी म्हणालो.

"बघते आहे," असं म्हणून बाईंनी उठून खिडकी उघडली. "मघाशी हिरवं होतं."

"खोलवरची घाण असते ती. वर यायला वेळ लागतो."

"म्हणजे तुम्ही आल्यावर येते?"

"अगदी बरोबर."

त्यांच्या तळघरात भट्टीशेजारी रंगाचा एक डबा सापडला. एकच, पण मी पाच मिनिटं सुनावलं. भट्टीजवळ रंगाचा डबा ठेवतं का कोणी? तिथली हवा सगळ्या घरात फिरते. शिकल्यासवरल्या बाई, आणि एवढं कळू नये.

घरी आकडा १९४.

१२ ऑक्टोबर

चार दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं म्हणजे फक्त पराभव. घरातले सगळे डक्ट ब्रशने आतून झाडून काढले. सर्वांत भारी फिल्टर घातला. हवा ढकलणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, धुतला. गालिचे बाहेर काढले. आत्या दिवसा १६० आणि संध्याकाळी १८०.

संध्याकाळी तळघरात बसलो होतो. झडप उघडीच होती. जेवणाच्या खोलीतून हिचा फोनवरचा आवाज आला. (ब्लोअर चालू असला तरी मला ऐकू येतं. दुसऱ्या कोणाला नाही येणार.)

"वास तर येतोच गं," ही लेकीला सांगत होती. "पण इतक्या वर्षांत नाकच गेलंय, तर समजणार कसं? आणि तोंडावर सांगितलं तर किती लागेल. जपून सांगायला हवं."

बरं वाटलं ऐकून. विहीणबाईंच्या घरात वास येतो, आणि त्या जुनाट सर्दीवाल्या, त्यांना बिचाऱ्यांना पत्ताच नाही. यंत्राला वास कळत नसेल, पण माणसांना कळतो. मी वर गेलो आणि हिला म्हणालो, "कोणाचं मन न दुखवता खरं सांगायची तुझी हातोटी मोठी आहे." ही माझ्याकडे बघतच राहिली.

मी असं नेमकं बोलतो. घरात माझी मनकवडा म्हणून ख्याती आहे.

१६ ऑक्टोबर

आठवड्यात नऊ घरं तपासली. नऊच्या नऊ लाल. मी पोचतो तेव्हा हिरवी, अर्ध्या तासात लाल. अख्ख्या गावाची हवा बिघडली आहे आणि इतके दिवस कोणाला पत्ता नव्हता! लोकांसाठी वाईट वाटतं. दुकानासाठी पत्रकं छापायला टाकली.

घरी १७८.

१९ ऑक्टोबर

पियानोबाईंकडे एक आत्या चार दिवस ठेवून आलो होतो, की दिवसरात्रीचा अंदाज यावा. आज आणायला गेलो. बाईंनी दारातच यंत्र हातात दिलं. आत बोलावलं नाही.

"चारही दिवस हिरवी," त्या म्हणाल्या. "आठ मुलं रोज येतात, त्यातली दोन शिंकतात. तरी हिरवी."

"मग तुम्ही काय बदललंत? रंगाचा डबा हलवलात ना?"

"डबा तिथेच आहे. बदललं एवढंच, की तुम्ही आला नाहीत."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. तेवढ्यात माझ्या हातातली आत्या पिवळी झाली. आम्ही दोघंही बाहेर उघड्यावर उभे होतो.

गाडीत बसलो तर लाल. गाडीत मी, माझा कोट आणि बेकरीवाला.

२० ऑक्टोबर

रविवार. दुकान बंद ठेवलं आणि स्वतःच्या घराकडे गिऱ्हाइकाचं घर म्हणून बघायचं ठरवलं. पिशवी घेऊन बाहेर गेलो आणि स्वतःची बेल वाजवली. हिने दार उघडलं. "कोण पाहिजे?"

"हवा तपासायला आलोय, बाई."

"बरं झालं आलात," ही म्हणाली. "घरमालकाचं डोकंही तपासा."

तळघरात उतरलो. भट्टी सुरू केली. डक्टमधली गळती शोधायला आमच्याकडे धुराची कांडी असते, पेन्सिलीएवढी. ती पेटवून संग्रहाजवळ धरली. धूर क्षणभर वर गेला, मग थबकला, मग वळला आणि सरळ एका रेघेत, कोणी ओढून नेल्यासारखा, उघड्या झडपेत शिरला. दुसऱ्यांदा धरली, डिंकाच्या डब्यांवर. तेच.

दोन मिनिटांनी वरून आवाज. "अहो, आता काय पेटवलंत?"

मी बाकावर बसलो. फिल्टर झडपेच्या आधी आहे. म्हणजे झडपेतून जे आत जातं ते कशातूनही गाळलं जात नाही. बेकरीवाल्याचं पीठ, न्हाव्याचे केस, पोपटाची पिसं, डिंक, रंग, लुकण. दोनशे चौदा घरांची घाण मी एकाच घरात आणून, तापवून, खोल्याखोल्यांत पोचवत होतो. माझा कोट त्याच तळघरात टांगलेला. मी जाईन तिथे थोडी घरपोचही देत होतो.

दुसऱ्या कोणाच्या घरी हे दिसलं असतं तर माझ्या तोंडाचा पट्टा थांबला नसता.

पण मग एवढा वास असेल तर मला यायला नको? नाक फुगवून चांगला श्वास घेतला. काहीच नाही. म्हणजे वास फारसा नसावाच. दोष धुळीचा आहे.

२१ ऑक्टोबर

संग्रह काढायचा, हे ठरलं. वाईट वाटलं, पण ठरलं. अडचण झडपेची आहे.

तांत्रिक कारणं म्हटलं होतं. वही माझीच आहे, तेव्हा खरं लिहितो. लेक चार महिन्यांची असताना तिला छातीचा त्रास झाला होता. दुकान नव्हतं, मी तळघरातच लोकांच्या मोटरी दुरुस्त करत बसायचो. एक दिवस परतीच्या डक्टला भोक पाडून झडप बसवली. डक्टच्या तोंडाची जाळी वर जेवणाच्या खोलीत, पाळण्याशेजारीच होती. काम करता करता मला तिचा श्वास ऐकू यायचा. जरा सूर बदलला की मी तीन ढांगांत वर.

ती बरी झाली. झडप राहिली. मग शाळेतलं भांडण ऐकू आलं, मग नापास झालेला गणिताचा पेपर, मग "आई, तो ग्रंथालयात काम करतो आणि फार हळू बोलतो". मला सगळं आधी कळायचं. कळलं की मी वर जाऊन काही न कळल्यासारखा अगदी योग्य तेच बोलायचो. मनकवडा म्हणतात तो असा.

आता लेक रोज पाच वाजता दवाखान्यातून इकडे येते, आंघोळ करते, चार घास खाते आणि सहाला परत जाते. मी विचारलं की म्हणते, "बरा आहे, बाबा." आणि मी जिना उतरलो की आईला खरं सांगते. किती ग्रॅम वाढला, नळी निघाली का, श्वास कसा आहे.

झडप लावली तर मला फक्त "बरा आहे, बाबा" एवढंच मिळणार.

तात्पुरता चिंधीचा बोळा कोंबला आहे.

२४ ऑक्टोबर

संग्रह गेला. ही नाकाला रुमाल बांधून मदतीला आली. पोती भरताना एकेकाचं नाव मोठ्याने वाचत होतो.

"न्हावी, सतरा वर्षांपूर्वीचा. बघ, अजून केस कसे घट्ट आहेत."

"त्याच्या डोक्यावर आता एक नाही, आणि आपल्या घरात आहेत. टाका."

"पोपटवाल्या आजी."

"आजी गेल्या, पोपटही गेला. टाका."

बेकरीवाल्यापाशी माझा हात थांबला. पहिलं मोठं गिऱ्हाईक. हिने तो हळूच काढून घेतला, आणि पोत्यात न टाकता भिंतीला वेगळा ठेवला. मग माझ्याकडे एकदा बघितलं आणि स्वतःच पोत्यात टाकला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने माझा एवढा विचार क्वचित केला असेल.

डबे बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत गेले. कोट धुवायला दिला. धोबी म्हणाला दोनदा धुवावा लागेल.

संध्याकाळचा आकडा ७४. पिवळा! विहीणबाईंना फोन केला. विशेष कारण नव्हतं.

२८ ऑक्टोबर

दिवसभर हिरवी. रोज पाच ते सहा मात्र पिवळी, कधी लाल.

जावयाने आकड्यांचा आलेख काढून आणला. ग्रंथालयवाला माणूस, रेघा अशा आखल्या आहेत की चौकटीत लावावं. बोट ठेवून कुजबुजला, "बाबा, रोज संध्याकाळी पाच ते सहा घरात काय होतं?"

"सूर्य मावळतो," मी म्हणालो. "हवा जड होते."

"रविवारी पाच ते सहा तुम्ही बाहेर गेला होता. त्या दिवशी हवा जड झाली नाही."

मी म्हणालो, रविवारी हवेलाही सुटी असते. त्याने आलेखाची घडी घातली आणि जाताना ओठातल्या ओठात पुटपुटला, "आईंना विचारावं लागेल." कोणाला ऐकू गेलं नसतं. मला गेलं.

बोळा काढायचा नाही, असं रोज ठरवतो. पाच वाजले की हात आपोआप जातो. संग्रह काढला तरी तळघर ते तळघरच. भिंतींवर तीस वर्षांची धूळ आहे, ती झडप उघडली की वर जाते. उरलेले दिवस मोजले. येत्या तीनचार दिवसांत झडप कायमची लागली नाही तर सात दिवस भरत नाहीत.

३० ऑक्टोबर

हे नीट लिहिलं पाहिजे.

पाच वाजता बाकावर बसलो, बोळा काढला. वर ताटाचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज. मग लेक म्हणाली, "आई, श्वास घेताना अजून शीळ येते त्याच्या. डॉक्टरीणबाई म्हणतात चांगल्या हवेत राहिला की जाईल. म्हणजे जाईल बहुतेक." मग रडणं. माझी लेक फार हळू रडते, नवऱ्याच्या बोलण्यासारखं. "मी सासूबाईंकडेच जाते गं. इथे रोज संध्याकाळी पुन्हा लाल होतंय. मला भीती वाटते. पण बाबांना कसं सांगू?"

"सांगितलंस की," ही म्हणाली.

"कुठे सांगितलं?"

खुर्ची फरफटल्याचा आवाज आला. मग अगदी कानात, हातभर अंतरावर बोलल्यासारखा, हिचा आवाज आला.

"अहो. ऐकताय ना?"

मी श्वास धरला.

"ऐकताय. तीस वर्षं ऐकताय. जुना फ्रीज गारच होत नाही म्हणून मी त्या दिवशी अर्धा तास बोलत होते, तेव्हा कोणाशी बोलत होते असं वाटलं तुम्हाला? घरात मी एकटी होते. दुसऱ्या दिवशी फ्रीज आला. लेकीला ग्रंथालयवाला आवडलाय, हे तुमच्यापर्यंत कसं पोचलं? मीच तिला जाळीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं."

वर लेक म्हणाली, "आई, तू भिंतीशी काय बोलतेस?"

"भिंतीशी नाही, तुझ्या बाबांशी. अहो, मला तुमच्या झडपेचा कधी त्रास झाला नाही. उलट सोय झाली. पण आता त्या एवढ्याशा जिवाच्या छातीत शीळ आहे, आणि तुम्ही भोक उघडं ठेवून बसलाय. ती लावा आणि वर या. वर खुर्च्या आहेत. त्यांच्यात बसूनही ऐकू येतं."

माझ्या मनात दहा गोष्टी आल्या. शेवटी झडपेला तोंड लावून म्हणालो, "येतो," आणि बोळा परत कोंबला.

लेक किंचाळली. ती याच घरात वाढली आणि भिंत तिच्याशी पहिल्यांदाच बोलली.

वर गेलो. कोणी कोणाकडे बघेना. मग मी लेकीशेजारची खुर्ची ओढली आणि म्हणालो, "बरा आहे हे सोडून सांग. कसा आहे?"

तिने सांगितलं. सगळं पहिल्यापासून सांगितलं, मला आधीच माहीत होतं तेसुद्धा. मी मधे बोललो नाही. सहा वाजले, सव्वासहा वाजले. आत्या आज लाल झालीच नाही, हे लेकीला न्यायला आलेल्या जावयाने जाताना दाखवलं.

३१ ऑक्टोबर

सकाळी पत्रा कापून झडपेवर बसवला, आठ रिव्हेट मारले, कडेने लुकण आणि वर चंदेरी टेप. मग तळघराच्या भिंती धुतल्या. लुकणाचा डबा लगेच बाहेरच्या खोलीत. स्वतःच स्वतःला पाच मिनिटं सुनावलं, पियानोबाईंना सुनावलं होतं तेच.

मग सवयीने बाकावर बसलो. भट्टीचा आवाज होता. बाकी काही नाही. मला माझं घर ऐकू येत नव्हतं. कोणी मला उचलून दुसऱ्याच्या तळघरात ठेवल्यासारखं वाटलं. दहा मिनिटं कशीबशी काढली आणि वर गेलो. ही एकटीच बसली होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. काही बोलत होतीस का, ते बघायला आलो."

"बोलत नव्हते. आता बोलते." आणि तिने बहिणीच्या घरच्या सगळ्या भानगडी सांगितल्या. जाळीतून मला त्या अर्ध्याच कळल्या होत्या.

आकडा ३१. हिरवी.

७ नोव्हेंबर

सात दिवस झाले. २८, ३०, २६, २५, २९, २४, २२. मधे एकदा पिवळी झाली असं वाटून मी धावत तळघर गाठलं, पण तो वरच्या दिव्याचा रंग होता.

विहीणबाईंना मी स्वतः फोन केला. "आम्ही विशेष काही केलं नाही," असं सांगितलं. चार वेळा. मग जीभ चावली आणि म्हणालो, "तुम्ही या बाळाला बघायला. हव्या तेवढ्या खिडक्या उघडा. सकाळी अर्धा तास मीही उघडतो हल्ली." मग त्यांनी दोनदा नाक ओढलं. सर्दी दिसते.

दुपारी धुतलेला कोट घालून पियानोबाईंकडे गेलो. पिशवीत फिल्टर नव्हते. आत्या पियानोवर ठेवली आणि दोघं बघत बसलो. अर्धा तास हिरवी.

"तुमच्या घराची हवा उत्तम आहे," मी म्हणालो. "आधीही होती. चूक माझी."

बाई पहिल्यांदा हसल्या. "आता बसा," म्हणाल्या. बाकीच्या आठ घरी उद्या जातो. पत्रकं परत मागवली आहेत.

९ नोव्हेंबर

आले.

दोन किलो सहाशे. दुपट्यातून फक्त नाक दिसत होतं, तेही शेंगदाण्याएवढं. लेकीने त्याला माझ्या हातात दिलं आणि मी वाकून कान लावला. शीळ आहे. बारीक, उंच, श्वास आत घेताना शेवटी. नव्या ब्लोअरमध्ये कुठे तरी किंचित फट राहिली की येते तशी.

कोणाला काही बोललो नाही. मग आठवलं, आणि लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "मलाही येते ऐकू." दोघांनी मिळून ऐकली.

२३ नोव्हेंबर

विहीणबाई तीन दिवसांपूर्वी आल्या. बाई कामाच्या आहेत. सकाळी त्या खिडक्या उघडतात, अर्ध्या तासाने मी लावतो. भांडण नाही.

घरात एक शोध लागला आहे. डायपर बदलण्यात माझा हात कोणी धरत नाही. जावई दारापर्यंत येतो आणि तिथूनच मागे फिरतो. लेक तोंड वळवते. विहीणबाई, तीन मुलं वाढवलेल्या बाई, त्यासुद्धा खिडकीकडे धावतात. मी मात्र शांतपणे बसतो, सगळं पुसतो, तेल लावतो, घडी घालतो. गाणंही म्हणतो.

"तुम्हाला काहीच कसं होत नाही हो?" विहीणबाईंनी रुमालातून विचारलं.

"जिव्हाळा असला की त्रास वाटत नाही," मी म्हणालो.

विहीणबाईंनी हिच्याकडे बघितलं. हिने लेकीकडे बघितलं. लेकीने छताकडे बघितलं.

"यांच्यासारखं नाक लाखात एक," ही म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. कौतुकाने तिला भरून येतं हल्ली. तेव्हापासून दिवसातले सगळे डायपर माझ्याकडे. कोणी मला विचारतसुद्धा नाही, नुसते आणून देतात.

आज दुपारी नातू तसाच आणून दिला. आवरून झाल्यावर त्याला खांद्यावर घेतलं आणि जेवणाच्या खोलीत, जाळीजवळच्या त्या खुर्चीत बसलो. खाली भट्टी सुरू झाली. ब्लोअर फिरायला लागला, बेअरिंग ठीक. आत ही आणि विहीणबाई बोलत होत्या, बहुतेक माझ्याबद्दलच. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पाठीला कान लावला. श्वास आत. श्वास बाहेर. पुन्हा आत. शेवटची ती जागा आली, मी वाट बघितली, आणि शीळ आली नाही. वीस श्वास मोजले. पन्नास मोजले. मग लेकीला हाक मारली. तिने दुसऱ्या बाजूने कान लावला, आणि आम्ही दोघं तसेच, मधे तो, बराच वेळ बसलो होतो.

आज आकडा बघायचा राहिला.